अभ्यंगापूर्वी चिमूटभर

नरकचतुर्दशीची पहाट ही आपल्या घरोघरी वर्षातील सर्वांत सुगंधी पहाट असते. अजून उजाडावयाचे असते. अंगणात पणत्या तेवत असतात, न्हाणीघराच्या उंबऱ्याशी कारीट ठेवलेले असते, पाटाभोवती रांगोळीची रेघ उमटलेली असते; आणि आई किंवा आजी एका वाटीत कोमट तेल व दुसऱ्या वाटीत दुधात कालवलेले उटणे घेऊन बसलेली असते. थंडीने कुडकुडणाऱ्या मुलांच्या पाठीवरून तेलाचा हात फिरू लागला की दिवाळी खरोखर आली असे वाटते. या मंगल स्नानाचे माहात्म्य वाचकांस नव्याने सांगावयास नको. आज बोलावयाचे आहे ते त्या दोन वाट्यांत काय असते त्याविषयी, आणि त्यांच्या शेजारी अलीकडे जमू लागलेल्या चिमुकल्या पुड्यांविषयी.

त्या एका दिवसात आपल्या अंगास किती नव्या वस्तूंचा स्पर्श होतो, याची कधी मोजदाद केली आहे काय? सुगंधी तेल, उटणे, वर्षातून एकदाच घरात येणारा खास साबण, शिकेकाई नाहीतर शांपू. मग कुंकू, टिकली, काजळ, अत्तराचा फाया, मुलींच्या ओठांची लाली, आदल्या दिवशी काढलेली मेंदी. यांपैकी पुष्कळशा वस्तू त्या पहाटेच प्रथम उघडल्या जातात. दुकानदाराने साडीबरोबर दिलेली मलमाची बोटभर नळी, किराणा सामानासोबत आलेली शांपूची पुडी, गृहोद्योगाच्या प्रदर्शनात कोणी हातावर ठेवलेली उटण्याची पुडी, असे ‘नमुने’ आपण दिवाळीसाठी म्हणून कपाटात जपून ठेवतो, आणि सणाच्या दिवशी एकदम सर्वांच्या अंगावर त्यांचा प्रयोग करतो. नमुना हा पारखण्यासाठी असतो, हेच मुळी आपण विसरून जातो.

आमच्या घरी हे विसरल्याची किंमत एका मुलीला मोजावी लागली. काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी पुतणी तेव्हा अकरा वर्षांची होती. त्या चतुर्दशीला तिला नवे सुगंधी तेल लावले, प्रदर्शनातून आणलेले उटणे लावले, आणि दुपारी फोटो काढावयाचे म्हणून तिनेच कपाटातील एका नळीतले मलम हौसेने चेहऱ्यास फासले. तो दिवस आनंदात गेला. लक्ष्मीपूजनाच्या रात्री गालांस खाज सुटली. पाडव्यास चेहरा लाल झाला, आणि भाऊबीजेच्या सकाळी डोळ्यांच्या पापण्या इतक्या सुजल्या की ओवाळताना तिला भावाचे तोंड नीट दिसेना. घरात जे ते आपापला उपाय सुचवू लागले. कोणी हळद म्हणाले, कोणी साय म्हणाले. अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “यांतले नवे काय होते?” आम्ही म्हणालो, “सगळेच.” “वेष्टने आणली आहेत?” वेष्टने कधीच केरात गेली होती, आणि उटण्याच्या पुडीवर तर नाव-गाव काहीच नव्हते.

त्या प्रश्नापाशी आम्ही दोघी जावा मान खाली घालून बसलो होतो, ते मला अजून आठवते. सूज औषधाने आठवड्याभरात उतरली. पण दोष कोणाचा, हे कळावयास पुढे दोन महिने लागले. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या छोट्या पट्ट्या चिकटवून, ४८ तासांनी त्या काढून आणि आणखी दोन दिवसांनी पुन्हा पाहून तपासणी झाली, तेव्हा सुगंधी द्रव्ये तिला सोसत नाहीत असा निर्णय निघाला. म्हणजे संशयित तेलही, मलमही. आणि बहुधा दोन्ही.

माझ्या सासूबाई असत्या तर हे घडले नसते. त्या काष्ठौषधींच्या दुकानातून वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा, आंबेहळद, गुलाबकळी असे सामान आणून घरी कुटीत, वस्त्रगाळ करीत, आणि त्यातील चिमूटभर प्रथम स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूस लावून पाहत. पुढे घरातील प्रत्येक मुलाच्या हातावर तोच टिळा उमटे. आम्ही सुना हसत असू. त्यांना कारण सांगता येत नसे. “अंगाला विचारल्याशिवाय अंगाला लावू नये,” एवढेच त्या म्हणत.

आज वैद्यकाने त्याचे कारण स्पष्ट केले आहे, आणि ते ध्यानात घेण्याजोगे आहे. त्वचेचा दाह दोन प्रकारचा. एक, वस्तूच मुळी तीव्र असते, आणि ती कोणासही झोंबते. दुसरा प्रकार मात्र लपून येतो. एखादे द्रव्य अंगास लागते, तेव्हा बाहेर काहीच दिसत नाही. पण शरीराच्या संरक्षक पेशी त्याची ओळख मनाशी ठेवून देतात. काही दिवसांनी, कधी काही वर्षांनीही, तेच द्रव्य पुन्हा लागले की त्या पेशी शत्रू आला असे समजून उठाव करतात. हा उठावही तत्काळ होत नाही. एक ते तीन दिवस लागतात. चतुर्दशीचे लेपन आणि भाऊबीजेची सूज यांतील अंतराचे कोडे येथे उलगडते. आणि एकदा झालेली ही ओळख शरीर सहसा पुसत नाही. ज्या मुलीस अकराव्या वर्षी एखादे सुगंधी द्रव्य बाधले, तिने ते जन्मभर टाळावयाचे असते.

यावर कोणी म्हणेल, आमचे उटणे तर निसर्गातले. त्यात कसला दोष? या शब्दाची मोठी मोहिनी पडली आहे. बिब्बाही झाडावरच येतो, आणि तो कसा उततो हे आपल्या आज्यांना पुरते ठाऊक होते. उटण्यात व केस धुण्याच्या पुडीत काही ठिकाणी बावची घालतात. बावची हे कोडावरील नामांकित औषध खरे. पण ते काम करते तेच मुळी त्वचेस उन्हाबद्दल हळवी करून. बावची लागलेल्या अंगाने उन्हात हिंडल्यास फोड उठू शकतात आणि मागे काळे डाग राहतात. लिंबाच्या रसाचेही तसेच. चंदन आणि हळद बहुतेकांस मानवतात, क्वचित कोणास मानवत नाहीत. प्राचीनांनाही हा विवेक होता. वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त अभ्यंग नित्य करावा असे सांगितले, आणि लगोलग तो कोणी करू नये हेही सांगितले: कफाने ग्रासलेल्यांनी, अजीर्ण झालेल्यांनी, शोधन-उपचार घेतलेल्यांनी. सर्वांस सरसकट एकच लेप, ही काही आपली परंपरा नव्हे.

आता त्या पुडीकडे वळू. शांपूची पुडी ही आपल्याच देशातील एका कल्पक माणसाची देणगी आहे. तमिळनाडूत कडलूर येथे चिन्नीकृष्णन नावाचे गृहस्थ होते. श्रीमंत घेतो ती वस्तू मजुरासही घेता आली पाहिजे, या ध्यासाने त्यांनी १९७० च्या दशकात शांपू लहानशा पुडीत भरून विकण्याची वाट काढली. १९८३ साली त्यांचे पुत्र रंगनाथन यांनी पंधरा हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःचा उद्योग थाटला आणि वडिलांच्या नावावरून आपल्या शांपूस ‘चिक’ असे नाव दिले. खेडोपाडी जाऊन, मुलांचे केस सर्वांसमक्ष धुऊन दाखवून, रिकाम्या पुड्यांच्या बदल्यात भरलेली पुडी देऊन त्यांनी ती घराघरांत पोहोचविली. पुढे पन्नास पैशांचीही पुडी निघाली. ज्या माउलीस अख्खी बाटली कधी परवडली नसती, तिच्या लेकीच्या केसांनाही सणाच्या दिवशी फेस आला, हे पुण्य लहान नाही. (त्याच रिकाम्या पुड्या तीर्थक्षेत्रांच्या घाटांवर चिखलात रुतून बसलेल्या पाहिल्या की जीव कासावीस होतो, परंतु तो निराळा विषय आहे.)

पुडीचा खरा घोटाळा असा की तिच्यात एका वेळेपुरताच माल असतो. आपण तो एका वेळी संपवितो, काही झाले नाही की “मानवले” असा निकाल देतो, आणि मोठी बाटली आणतो. पण पहिल्या वेळी काही न होणे हा पुरावाच नव्हे, हे आपण वर पाहिले. नमुन्याचा योग्य उपयोग करावयाचा तर ती पुडी एका दिवसात नव्हे, आठवडाभर पुरविली पाहिजे. आणि तशी ती सहज पुरते. दंडाच्या आतल्या बाजूस कोपराजवळ रुपयाच्या नाण्याएवढी जागा घ्यावी. तेथे रोज दोनदा, सात ते दहा दिवस, ती वस्तू लावावी. तेल, मलम, कुंकू या राहणाऱ्या वस्तू तशाच ठेवाव्यात. उटणे, साबण, शांपू या धुवून टाकावयाच्या वस्तू नेहमीप्रमाणे पाण्यात वा दुधात कालवून लावाव्यात आणि पाच मिनिटांनी धुऊन टाकाव्यात. निखळ शांपू तासभर अंगावर ठेवला तर तो कोणासही झोंबेल, त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. एका वेळी एकच वस्तू पारखावी. पुडीस हात लावताना बोट कोरडे असावे, तिचे तोंड दुमडून चिमट्याने बंद करावे, आणि वास वा रंग पालटलेला दिसला तर मोह न धरता टाकून द्यावी. खाज, लाली, पुरळ यांपैकी काही उमटले तर जागा साध्या पाण्याने धुवावी आणि ती वस्तू घरातील त्या व्यक्तीपुरती वर्ज्य समजावी. वर दुसरा लेप चोपडू नये. डोळे-ओठ सुजले, श्वास लागू लागला, तर मात्र क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

केसांच्या कलपाची गोष्ट याहून गंभीर आहे. सणापूर्वी पांढरे केस काळे करण्याची घाई स्त्री-पुरुष दोघांसही असते. काळ्या कलपात बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमीन नावाचे द्रव्य असते. ते इतके बाधक ठरू शकते की अशा कलपाच्या वेष्टनात पूर्वपरीक्षेची कृती इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही छापलेली असली पाहिजे, असे आपल्या देशाचा नियमच सांगतो. कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची जागा स्वच्छ करावी, थोडा कलप लावून वाळू द्यावा, चोवीस तासांनी धुऊन पाहावे; आणि ही परीक्षा दर खेपेस नव्याने करावी. भुवया आणि पापण्या रंगविण्यास तो वापरू नये, दृष्टी जाऊ शकते, हीही सूचना त्याच कागदावर असते. तो कागद उलगडून वाचणारी घरे किती असतील? ज्यांना पूर्वी कलप बाधलेला आहे, त्यांनी तर ही परीक्षाही न करता प्रथम डॉक्टरांस विचारावे.

हेच द्रव्य आणखी एका वाटेने आपल्या घरात शिरते. मेंदीचा रंग नारिंगी, विटकरी, फार तर गडद तपकिरी चढतो. काळाभोर कधीच नाही. तासाभरात काळी रंगणारी ‘झटपट मेंदी’ हातावर आली की तिच्यात बहुधा कलपाचे हेच द्रव्य मिसळलेले असते. लहान मुलीच्या हातावर त्याचे फोड उठतात, ते नक्षीच्याच आकाराचे. आणि पुढे तिने प्रौढपणी केसांस कलप लावला की तिचे शरीर ती जुनी ओळख विसरलेले नसते.

कुंकवाविषयी लिहिताना लेखणी जरा अडखळते, कारण ते प्रसाधन नव्हे, सौभाग्य आहे. परंतु म्हणूनच ते शुद्ध असले पाहिजे. आपले जुने कुंकू हळकुंडापासून होत असे. लिंबाचा रस आणि टाकणखार यांच्या संस्काराने पिवळी हळद तांबडी होते, ही रसायनविद्या आपल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या अवगत होती. सोलापूर जिल्ह्यातील केम आणि पंढरपूर येथील कुंकवाने असंख्य कपाळे उजळली. आज स्वस्त पुडीत पुष्कळदा नुसते पीठ आणि कृत्रिम रंग असतो. शेंदरात तर शिशाचा अंश आढळल्याचे अनेक तपासण्यांतून दिसून आले आहे, आणि शिसे मुलांच्या मेंदूस घातक आहे. देवाच्या मूर्तीस लावावयाचा शेंदूर निराळा आणि भांगात भरावयाचा निराळा, एवढा भेद तरी प्रत्येक घरात पाळला जावा.

आणि टिकली. १९९० साली अलाहाबाद येथील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. बजाज व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक गोष्ट शास्त्रीय नियतकालिकातून प्रसिद्ध केली. टिकलीच्या मागील डिंकात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचे द्रव्य सुटे राहिलेले असेल, तर ते त्वचेतील रंग निर्माण करणाऱ्या पेशी मारते, आणि कपाळावर बरोबर टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. हा डाग म्हणजे वंशातले कोड नव्हे. परंतु आपल्या समाजात कपाळावरचा पांढरा डाग पाहणारा इतका विचार करीत नाही. मग ती स्त्री डाग झाकण्यासाठी आणखी मोठी टिकली लावते, त्याच डिंकाची, आणि डाग वाढत जातो. हळदीकुंकवास अशी एखादी भगिनी आली तर तिच्याकडे टक लावून पाहू नका. जवळची असेल तर तिला एकांतात टिकली सोडण्यास आणि त्वचारोगतज्ज्ञांस भेटण्यास सांगा. वेळीच टिकली बंद केली तर काहींचा रंग परत येतो. टिकलीखाली खाज सुटणे हीच तिची पहिली हाक असते. मात्र काही वेळा डाग खाजेवाचूनही पडतो, म्हणून रात्री टिकली काढून ठेवावी आणि अधूनमधून आरशात कपाळ नीट पाहावे.

तान्ह्या बाळांविषयी मात्र आग्रहाने सांगावयास हवे. त्यांची कातडी मोठ्यांहून नाजूक असते. जाडेभरडे उटणे तिला ओरबाडते आणि सुगंधी तेल तिला नको असते. नेहमीचेच साधे तेल, हलका हात आणि कोमट पाणी एवढ्यावर बाळाचा अभ्यंग यथासांग होतो. काजळ डोळ्यांत घालू नये, असेच बालरोगतज्ज्ञ सांगतात. सुरम्यात तर बहुधा शिशाचेच खनिज कुटलेले असते. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावयाचीच असेल तर ती बाळाच्या तळपायास लावावी, आणि ते पाय तोंडात घालू लागले की तीही पुसावी.

दुकानांतून पारखण्यासाठी उघडी ठेवलेली लाली किंवा काजळकांडी ही सर्वांच्या ओठांची आणि डोळ्यांची उष्टी असते. सोवळ्या-ओवळ्याच्या आपल्या घरात उष्टा पेला कोणी तोंडास लावीत नाही. येथे मात्र कोणास काही वाटत नाही, याचे नवल वाटते. डोळ्यांचे व ओठांचे संसर्ग याच वाटेने येतात. रंगच पाहावयाचा असेल तर मनगटावर पाहावा.

नमुना घेताना त्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटक, उत्पादन-गटाचा क्रमांक आणि ‘अमुक महिन्यापूर्वी वापरावे’ ही ओळ आहे की नाही ते वाचावे. अक्षर बारीक असते. आजोबांचा चष्मा मागून घ्यावा. नाव-गाव नसलेली पुडी चेहऱ्यास लावू नये, मग ती कोणीही कितीही प्रेमाने दिलेली असो. प्रेम पुडीतल्या वस्तूस कळत नाही. आणि वापरलेल्या प्रत्येक वस्तूचे वेष्टन, तारीख घालून, एका पाकिटात महिनाभर तरी जपावे. डॉक्टरांच्या त्या प्रश्नास उत्तर देता आले असते, तर पुतणीचे दोन महिने वाचले असते.

यासाठी पंचांगानेच आपली सोय करून ठेवली आहे. आश्विन पौर्णिमेस कोजागिरी, आणि तेथून चौदाव्या तिथीस नरकचतुर्दशी. दोन आठवडे, म्हणजे दोन वस्तूंची परीक्षा शांतपणे होते. तिसरी नवी वस्तू असेल तर ती पाडव्यानंतर.

आमच्या घरी आता कोजागिरीच्या रात्री गच्चीवर आटीव दुधाचे पेले फिरून झाले की एक ताटली फिरते. तिच्यात त्या वर्षीचे उटणे असते, सुगंध न घातलेले, घरी कुटलेले. पुतणी आता महाविद्यालयात आहे. तीच प्रत्येकाच्या हातावर बॉलपेनने वर्तुळ काढते, आत चिमूटभर उटण्याचा लेप लावते, वहीत नाव व तारीख लिहिते, आणि पाच मिनिटे झाली की सर्वांना उठवून नळाकडे पिटाळते. गेल्या वर्षी तिच्या आजोबांनी, वय वर्षे ब्याऐंशी, हात पुढे करून विचारले, “माझेही पाहणार का?” तिने त्यांच्या हातावर सर्वांत मोठे वर्तुळ काढले.